रिचार्ज संपल्यावर समतेचं काय?

औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला 2600 कोटींचा लायगो-इंडिया प्रकल्प उभा राहतोय. कोट्यवधी प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं आदळली, तर त्याची थरथर इथे टिपली जाईल. याच तालुक्यात महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना आमची पोरं ओटीपीची वाट बघत बसतात. आधारला जोडलेला मोबाईल बापाबरोबर ऊसतोडीला गेलेला असतो. बापाला फोन लावावा, तर रिचार्ज संपलेला. आम्ही विहारात फॉर्म भरायला बसतो तेव्हा दरवर्षी हेच चालतं.

इंटरनेटवरच्या समतेचा निम्मा प्रश्न ट्रायने 8 फेब्रुवारी 2016 रोजी सोडवला. कोणती वेबसाइट बघता यावरून कंपनीने डेटाचा वेगळा दर लावायचा नाही, लावला तर दिवसाला 50 हजार रुपये दंड, कमाल 50 लाख. निमित्त होतं फेसबुकच्या फ्री बेसिक्सचं. रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या ग्राहकांना निवडक वेबसाइट फुकट, बाकीच्यांना पैसे. गरिबाला काहीच नसण्यापेक्षा थोडं तरी मिळतंय, असं तेव्हा आमच्यातल्याही काहींना वाटलं होतं. पण ती निवड कुणाच्या हातात होती? 1920 मध्ये पैसे मोजायची तयारी असतानाही ‘केसरी’ने ‘मूकनायक’ची जाहिरात छापली नव्हती. दारावर दुसरा माणूस बसला की काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. आज आपल्या चळवळीची छोटी वेबसाइट आणि बड्या वृत्तसमूहाची वेबसाइट एकाच दराच्या डेटावर उघडते, ती या नियमामुळे.

मात्र हा नियम लागू होतो तो डेटा विकत घेतल्यानंतर. डेटा मुळात केवढ्याला विकायचा, हे ट्रायने कंपन्यांवर सोडलं आहे. जुलै 2024 मध्ये जिओचा रोज दीड जीबीचा 28 दिवसांचा पॅक 239 वरून 299 रुपयांवर गेला, इतरांनीही दर वाढवले. 28 दिवसांचा महिना धरला की वर्षाला 13 रिचार्ज, म्हणजे 3887 रुपये, तेही एका मोबाईलचे. मजुरी करणाऱ्या घरात कॉलेजला जाणारी दोन मुलं असतील तर हिशेब तुम्हीच करा. किमान एक पॅक पूर्ण 30 दिवसांचा ठेवा, हे सांगायलाही ट्रायला 2022 साल उजाडलं. डिसेंबर 2024 मध्ये फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक द्यायला लावले, ते आजीच्या साध्या फोनला उपयोगी आहेत. नातीचं काय?

नातीसाठी पैसा आहे. कंपन्यांच्या समायोजित सकल महसुलातला 5 टक्के हिस्सा ज्या निधीत जातो, त्याला 2023 च्या दूरसंचार कायद्याने डिजिटल भारत निधी म्हटलं. ऑगस्ट 2024 च्या नियमांत त्याच्या लाभार्थ्यांमध्ये महिला, अपंग यांच्यासोबत आर्थिक आणि सामाजिकदृष्ट्या दुर्बल घटकांचाही उल्लेख आहे. आजवर भर राहिला तो टॉवर आणि भारतनेटच्या केबलवर. ती कामं हवीतच. पण ग्रामपंचायतीपर्यंत आलेली केबल वस्तीतल्या मुलीच्या हातात आपोआप येत नाही. शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्यांना या निधीतून डेटा आणि सामाजिक न्याय विभागाच्या वसतिगृहांत वाय-फाय, ही मागणी नियमांच्या चौकटीतच बसते. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 च्या निकालात म्हटलंय. त्याचा आधार घेता येईल.

2015 मध्ये नेट न्यूट्रॅलिटीसाठी ट्रायकडे 10 लाखांहून जास्त ईमेल गेले. ज्यांच्याकडे नेट होतं, तेच नेटबद्दल बोलले, यात नवल नाही. यंदा फॉर्म भरायला बसू तेव्हा कुणाचा फॉर्म केवळ रिचार्जपायी अडला, याची वही आम्ही ठेवणार आहोत. तुमच्या तालुक्यातही ठेवा. दरांवर ट्राय पुन्हा हरकती मागवेल तेव्हा या वह्या एकत्र करून मराठीतच पाठवू.