विजेचे यंत्र काय करते आणि काय करीत नाही

तळहातात मावेल अशी एक पेटी, तिच्यातून निघालेल्या दोन तारा आणि तारांच्या टोकांना त्वचेवर चिकटणाऱ्या दोन-चार चकत्या, अशा स्वरूपाचे एक विद्युत्-यंत्र आज अनेक घरांत दिसू लागले आहे. गुडघेदुखीपासून पक्षाघातापर्यंत सर्व व्याधींवर ते चालते, असे विक्रेता सांगतो. त्यात काही अर्थ नाही, सगळा बाजार आहे, असे शेजारी सांगतो. दोघेही छातीठोकपणे बोलतात आणि दोघांचेही बोलणे अर्धेच खरे असते. या यंत्राने काही प्रकारची वेदना काही काळ शमते आणि स्नायू आकुंचन पावतो, या दोन्ही गोष्टी प्रयोगसिद्ध आहेत. परंतु वेदना शमली म्हणजे रोग गेला असे नव्हे, आणि स्नायू हलला म्हणजे तो कामाला लागला असेही नव्हे. हे दोन भेद ज्या घरात समजलेले नाहीत त्या घरात हे यंत्र येणे धोक्याचे आहे, असे माझे मत आहे. ते मत का बनले, ते पुढे सांगतो.

विजेने वेदना शमविण्याची कल्पना नवी नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस नावाच्या रोमन वैद्याने डोकेदुखीवर आणि पायाच्या संधिवातावर टॉर्पेडो या विद्युत्-माशाचा उपयोग सांगून ठेवला आहे. रोग्याने समुद्रकाठच्या ओल्या वाळूवर जिवंत माशावर पाय ठेवून, पाय गुडघ्यापर्यंत बधिर होईतो उभे राहावे, असा तो विधी होता. विजेचे नावही ठाऊक नसलेल्या काळातील हे निरीक्षण आहे. त्यात बधिरतेचा उल्लेख आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पुढे १७९१ साली इटलीतील बोलोन्या येथील लुईजी गॅल्व्हानी याने बेडकाच्या पायांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. मेलेल्या बेडकाचा पाय विजेच्या स्पर्शाने आखडतो, हे पाहून प्राण्याच्या शरीरातच वीज असते असे त्याने अनुमान केले. व्होल्टा याला ते मान्य झाले नाही. त्या वादातूनच १८०० साली व्होल्टाच्या विद्युत्-घटाचा शोध लागला. १८३१ मध्ये फॅरडेने विद्युत्-प्रवर्तनाचा नियम शोधला, आणि त्या तत्त्वावर चालणारी लहान यंत्रे वैद्यांच्या हाती आली. पॅरिसमधील द्युशेन याने अशाच यंत्राने, त्वचेवर ओली अग्रे टेकवून, एकेक स्नायू निरनिराळा उद्दीपित केला. त्यावरील त्याचा ग्रंथ १८५५ साली निघाला. १८६२ साली त्याने मानवी चेहऱ्यावरील स्नायूंची छायाचित्रे प्रसिद्ध केली. ओठांचे कोपरे वर ओढणारा स्नायू विजेने आखडला की चेहऱ्यावर हसू उमटे, पण ते खोटे दिसे. कारण खऱ्या आनंदात डोळ्यांभोवतीचा जो स्नायू आपोआप आकुंचन पावतो तो स्वस्थ राही. विजेने हसू आणता येते, आनंद आणता येत नाही, एवढे त्या छायाचित्रांतून कोणालाही कळावे.

त्याच शतकात बाजारही उभा राहिला. पुल्व्हरमाखर नावाच्या गृहस्थाने विकलेल्या विद्युत्-साखळ्या युरोपात घरोघर पोहोचल्या. फ्लोबेर याच्या ‘मादाम बोव्हारी’ या कादंबरीतील अर्धवट शास्त्र बोलणारा औषधविक्या हीच साखळी अंगावर बाळगतो. शास्त्र आणि त्याची विक्री ही तेव्हापासून जोडीने चालत आली आहेत.

आता हे यंत्र शरीरात नेमके काय करते ते पाहू. प्रथम स्नायूंचा विचार करू. त्वचेवरील चकत्यांमधून जाणारा प्रवाह काही मिलिअँपिअरांपासून काही दशक मिलिअँपिअरांपर्यंत असतो, आणि तो अखंड नसून अत्यंत अल्पकाळ टिकणाऱ्या स्पंदांचा असतो. एका स्पंदाचा काळ सामान्यतः सेकंदाचा काही दहाहजारावा भाग, इतका थोडा असतो. एवढ्या थोड्या काळाचा स्पंद स्नायूला सरळ चेतवीत नाही. तो स्नायूकडे जाणाऱ्या मज्जातंतूला चेतवितो आणि मज्जातंतू स्नायूला हलवितो. ज्या स्नायूचा मज्जातंतूच तुटला आहे, त्याला हलविण्यास याच्या शतपट दीर्घ स्पंद लागतात. ते घरगुती यंत्रात नसतात.

पक्षाघातात मात्र हानी मेंदूत झालेली असते. पाठीच्या कण्यातून निघून स्नायूपर्यंत जाणारा मज्जातंतू बहुधा शाबूत असतो. म्हणूनच पक्षाघाताच्या रोग्याच्या पायावर यंत्र लावले की पाय पहिल्याच दिवशी हलतो. घरच्यांना ते बरे होण्याचे चिन्ह वाटते. वस्तुतः त्या हालचालीने एवढेच सिद्ध होते की, मज्जातंतू जिवंत आहे. मेंदूची आज्ञा तेथवर पोहोचू लागली असे त्यातून मुळीच सिद्ध होत नाही.

याचा अर्थ यंत्र निरुपयोगी आहे असा नव्हे. १९६१ साली अमेरिकेत लिबरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्षाघातामुळे चालताना ज्यांचे पाऊल लोंबते अशा रोग्यांसाठी एक सोपी योजना केली. बुटाच्या टाचेखाली एक खटका ठेवला. टाच जमिनीवरून उचलली की प्रवाह सुरू व्हावा, पाऊल वर यावे, आणि टाच टेकली की प्रवाह थांबावा. त्याच तत्त्वावरील सुधारलेली साधने आजही वापरात आहेत. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मांडीचा दुबळा झालेला स्नायू व्यायामाच्या जोडीने विजेने उद्दीपित केला असता त्याचे बळ लवकर परत येण्यास साहाय्य होते, हेही दिसून आले आहे. या दोन्ही उदाहरणांत वीज रोग्याच्या स्वतःच्या कामात जोडलेली आहे. ती कामाच्या जागी ठेवलेली नाही.

वेदनेची गोष्ट निराळी आहे. लागले की आपण ती जागा चोळतो आणि थोडे बरे वाटते. असे का व्हावे, याचे एक समर्थ उत्तर मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडले. स्पर्शाची वार्ता जाड मज्जातंतूंतून आणि वेदनेची वार्ता बारीक तंतूंतून मेरुरज्जूपर्यंत येते; तेथे जणू एक दार असून जाड तंतूंची वर्दळ वाढली की ते वेदनेसाठी काहीसे लोटले जाते, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९६७ साली वॉल आणि स्वीट यांनी तीव्र व जुनाट वेदना असलेल्या ८ रोग्यांवर या कल्पनेची परीक्षा घेतली. सेकंदाला १०० स्पंदांचा प्रवाह दोन मिनिटे दिल्यानंतर त्यांपैकी चौघांची वेदना अर्ध्या तासाहून अधिक काळ शमली. आजच्या ‘टेन्स’ नावाच्या यंत्राचा उगम या विचारात आहे. त्या सिद्धान्ताच्या तपशिलात पुढे पुष्कळ फेरफार झाले आणि मेंदूचा व शरीरातच निर्माण होणाऱ्या वेदनाशामक द्रव्यांचा वाटाही लक्षात आला. परंतु मूळ कल्पना टिकून राहिली.

मग प्रत्यक्ष अनुभव काय सांगतो? १९९० साली जुनाट कंबरदुखीच्या १४५ रोग्यांवरील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींना खरे यंत्र दिले, काहींना तसेच दिसणारे पण प्रवाह नसलेले यंत्र दिले. दोन्ही गटांतील निम्म्यांना व्यायामही शिकविला. महिन्याअखेर वेदनेत खऱ्या यंत्राने सरासरी ४७ टक्के आणि लुटुपुटीच्या यंत्राने ४२ टक्के सुधारणा आढळली. हा फरक गणिताच्या कसोटीला उतरला नाही. व्यायाम करणाऱ्यांत मात्र सुधारणा ५२ टक्के होती, न करणाऱ्यांत ३७ टक्के. हा फरक त्या कसोटीला उतरला. आणखी दोन महिन्यांनी पाहिले तर बहुतेकांनी व्यायाम सोडून दिला होता आणि मिळालेला लाभही ओसरला होता. मनुष्यस्वभावाचे इतके प्रामाणिक चित्र शास्त्रीय निबंधात क्वचितच सापडते.

याच्या दुसऱ्या बाजूस, २०२२ साली ३८१ प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. यंत्र चालू असताना किंवा ते काढल्यानंतर लगेच वेदना लुटुपुटीच्या यंत्राच्या मानाने कमी असते, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे तात्पुरता आराम खरा आहे. परंतु ब्रिटनमधील अधिकृत मार्गदर्शनाने २०१६ साली कंबरदुखीसाठी, आणि अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ साली गुडघ्याच्या व खुब्याच्या झिजेसाठी, हे यंत्र देऊ नये असाच सल्ला दिला. या निर्णयांत विसंगती नाही. घटकाभराचा आराम आणि व्याधीत टिकाऊ सुधारणा हे दोन निराळे प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरेही निराळी आहेत.

हे सर्व मी आधी भाषांतर करता करता वाचले होते. तरीही माझ्याच घरी चूक झाली. काही वर्षांपूर्वी माझ्या आईला पक्षाघात झाला. उजवी बाजू दुबळी झाली. आठवड्यातून तीन वेळा एक फिजिओथेरपिस्ट बाई घरी येत आणि आईकडून कष्टाने हालचाली करवून घेत. आई रडकुंडीला येई. तेवढ्यात गावातील एका प्रदर्शनातून वडिलांनी पायाखाली ठेवण्याचे यंत्र आणले. “शिरा जाग्या होतात,” असे विक्रेत्याने सांगितले होते. संध्याकाळी यंत्र सुरू केले की आईच्या पायाची बोटे हलत, आणि आम्ही सगळे भोवती बसून पाहत असू. बाईंच्या व्यायामाने जे पंधरा दिवसांत दिसले नाही ते यंत्राने पंधरा मिनिटांत दिसले, असे वडील म्हणाले, आणि बाईंचे येणे बंद झाले. मी घरात होतो, आणि मीही काही बोललो नाही.

अडीच महिन्यांनी आईला उभे करू गेलो तेव्हा तिची टाच जमिनीला टेकेना. पोटरीचा स्नायू आखडून घोटा ताठर झाला होता. पुन्हा त्याच बाईंना बोलावले. त्यांनी आम्हांला बोल लावला नाही. पिशवीतून एक विजेचे यंत्र काढले तेव्हा वडिलांना नवल वाटले. बाईंनी चकत्या नडगीवर लावल्या आणि दर वेळी प्रवाह सोडण्यापूर्वी त्या म्हणत, “आजी, वीज येण्याआधी तुम्ही पाऊल उचला. ती मागून येईल.” आई उचलण्याचा यत्न करी, मग वीज येई. वीज तीच होती, फक्त या वेळी तिच्या आधी आईची इच्छा होती. पुढे आई काठीच्या आधाराने घरातल्या घरात चालू लागली. पण ते अडीच महिने तिला कोणी परत दिले नाहीत.

येथे कोणी म्हणेल की, आपल्या देशात प्रत्येक खेड्यात फिजिओथेरपिस्ट कोठून आणावा? घटकाभर आराम मिळत असेल तर गरिबाला तो का नाकारावा? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वेदनाशामक गोळ्या नित्य घेणाऱ्याच्या जठराला व मूत्रपिंडाला त्यांचा उपद्रव होऊ शकतो. त्या मानाने हे यंत्र जपून वापरल्यास निरुपद्रवी आहे. माझा विरोध आरामाला नाही. आराम मिळालेल्या त्या अर्ध्या तासात रोग्याने चालावे, पाय ताणावा, जिना चढावा. मग यंत्राचे पैसे वसूल झाले असे मी म्हणेन. आराम मिळाला म्हणून तो पलंगावर पडून राहिला, तर यंत्राने त्याचे नुकसानच केले.

दुसरा प्रश्न भाषेचा आहे, आणि तो माझ्या व्यवसायाचा आहे. ‘शमन’ आणि ‘निवारण’ हे दोन शब्द आपल्याकडे आहेत. ‘हलणे’ आणि ‘हलविणे’ हा भेद तर मराठी व्याकरण शाळेतच शिकविते. तरीही जाहिरातींतून ‘उपचार’, ‘व्यायाम’, ‘शिरा मोकळ्या होणे’ हे शब्द सरमिसळ वापरले जातात. २००२ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, पोटाला विजेचा पट्टा बांधला की व्यायामावाचून शरीर घडते, अशी जाहिरात करणाऱ्या तीन पट्ट्यांच्या विक्रेत्यांवर कारवाई केली. आपल्याकडे पक्षाघात व संधिवात बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ सालच्या कायद्याने मनाई आहे, आणि २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधांविषयीच्या कायद्याच्या कक्षेत आली आहेत. परंतु प्रदर्शनातील तोंडी शब्दावर कायद्याचा पहारा कोठवर पुरणार? तेथे ऐकणाऱ्याचा कान तयार पाहिजे.

तो कान शाळेत तयार होतो. मिलिअँपिअर, सेकंदाला किती स्पंद, स्पंदाचा काळ ही तीन मापे ज्या विद्यार्थ्याला समजतात, तो यंत्राच्या पेटीवरील मजकूर वाचून घरच्यांना चार शब्द सांगू शकतो. त्यात हेही सांगावे की, हृदयात गतिकारक बसविलेल्या माणसाने वैद्याच्या आज्ञेवाचून हे यंत्र लावू नये. गळ्याच्या पुढील भागावर, छातीवरून आरपार, बधिर किंवा जखमी त्वचेवर, अर्बुदाच्या जागी आणि गरोदर स्त्रीच्या पोटावर चकत्या लावू नयेत. आणि वेदना कशाची हे कळण्यापूर्वी ती दडपू नये. कारण वेदना हीही एक वार्ताच आहे.

घरात यंत्र असेल तर ते फेकून द्यावे असे मी म्हणत नाही. आमच्याकडेही ते आहे. मात्र आता ते सुरू करण्यापूर्वी वडील आईला विचारतात, “आधी तू उचललेस का?”