नख रुततं का, ते आधी बघा

कोल्हापुरात रविवारी मटण शिजतं आणि सोमवारी सकाळी माझ्या दवाखान्याच्या पायरीवर कुत्री बसलेली असतात. एकाला कालपासून शी होत नाही, दुसरा रात्रभर ओकतोय, तिसरा पाठ वाकवून कण्हतोय. मालकाचं उत्तर ठरलेलं: "डॉक्टर, वेगळं काय नाही घातलं बघा. दोन हाडकं दिली, नेहमीगत."

या गावात बसून हे लिहिणं म्हणजे शिव्या खाण्याचं काम आहे, तरी लिहिते. शिजलेलं हाड कुत्र्याला द्यायचं नाही. नळी नाही, चाप नाही, कोंबडीची तंगडी तर नाहीच. हाडाला चिवटपणा येतो तो कोलॅजेनमुळे. कुकरच्या शिट्ट्या झाल्या की त्यातलं बरंचसं रश्श्यात उतरतं, म्हणून तर रस्सा बोटाला चिकटतो. मागे उरतो तो ठिसूळ सांगाडा. त्याचे एक तर अणकुचीदार तुकडे होतात, नाही तर भुगा होऊन गुदद्वाराच्या आत सिमेंटसारखा थापून बसतो. तो एनिमा देऊन, हातमोजा घालून, थोडा थोडा करत काढावा लागतो. कुत्रं विव्हळत असतं आणि मालक खिडकीबाहेर बघत असतो. हाडाला लागलेल्या रश्श्यातला कांदा-लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, ते आणखी वेगळंच.

नळीची तऱ्हा न्यारी. आतला गर चाटता चाटता ते गोल कडं खालच्या जबड्यावर चढतं आणि सुळ्यांच्या मागे जाऊन बसतं. पुढे येत नाही, मागे जात नाही. कुत्रं बिथरतं, पंजांनी तोंड ओरबाडतं, लाळेत रक्त यायला लागतं. घरचे तेल लावून ओढून बघतात आणि हनुवटी सुजल्यावर दवाखान्यात आणतात. मग गुंगीचं इंजेक्शन देऊन, जीभ बाजूला धरून ते कडं कापायचं. हाड पाच मिनिटांत निघतं, पण त्या पाच मिनिटांसाठी भूल द्यावी लागते, आणि म्हाताऱ्या कुत्र्याला भूल देताना माझेही हात जपून चालतात.

यावर हमखास येणारा युक्तिवाद असा की आमच्या आज्ज्याची कुत्री हाडं खाऊनच जगली. जगली ती तुमच्या लक्षात राहिली. जी उसाच्या फडात जाऊन मेली, त्यांचं पोट कुणी उघडून बघितलं नव्हतं.

पण याचा अर्थ कुत्र्याला चघळायला काहीच देऊ नका, असा नाही. माझं म्हणणं उलटं आहे. पिल्लाचे २८ दुधाचे दात पडून ४२ पक्के दात येतात, साधारण सहा-सात महिन्यांपर्यंत. त्या काळात हिरड्या ठणकतात. मोठं कुत्रंही चघळतं ते कंटाळा घालवायला, मन शांत करायला. तुम्ही काही दिलं नाही, तर ते स्वतः शोधतं आणि बहुतेक वेळा त्याला तुमची कोल्हापुरी सापडते. त्यात त्याचा खोडसाळपणा नाही. म्हशीचं कातडं, बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं, वर मालकाच्या पायाचा घामट वास. कुत्र्याच्या नाकाला याहून मोहाचं काय असणार? एवढ्यासाठीच बाजारात मिळणारी चपलेच्या आकाराची खेळणी मला पटत नाहीत. खोटी चप्पल चाव आणि खरी सोड, हे कुत्र्याला कळावं कसं?

आता दुकानातला माल. गाठ मारलेलं पांढरं 'हाड' दिसतं, ते हाड नसतंच. ते रॉहाइड. कातड्याचे केस चुन्याने काढून, त्याचा आतला थर धुऊन, अनेकदा ब्लीच करून, गुंडाळून वाळवलेला असतो. हळू चघळणाऱ्या कुत्र्याचं त्यावर भागतं. लॅब्रॅडोर मात्र ते ओलं झालं की लांब पट्टी तोडून गिळतो, आणि ती आत फुगते. आमच्याकडे लॅब्रॅडोरच जास्त.

त्याहून मला राग आहे तो शिंग, खूर आणि वाळवलेल्या जाड हाडांचा. माणसाची दाढ दळते, कुत्र्याची दाढ कापते. वरच्या मोठ्या दाढेवरचं एनॅमल एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतं. शिंगावर जोर लावला की तिची बाहेरची कपची उडते. कुत्रं काही बोलत नाही, जेवतही राहतं. काही आठवड्यांनी डोळ्याखाली टेंगूळ येतं आणि मालक म्हणतात, गांधीलमाशी चावली असेल. मी ओठ वर उचलते तेव्हा दात उभा चिरलेला दिसतो, मुळाशी पू झालेला असतो. तीन मुळांची ती दाढ काढणं सोपं काम नव्हे. नेपाळ-सिक्कीमकडची छुरपी, म्हणजे दगडासारखं सुकवलेलं चीज, हल्ली फार खपते. दूधच आहे म्हणून लोक निर्धास्त असतात. पोटाला ती बरी, दाताला नाही.

म्हणून माझी कसोटी एकच: अंगठ्याचं नख दाबा. खूण उठली तर द्या, नाही तर परत ठेवा. आकार कुत्र्याच्या जबड्यापेक्षा मोठा हवा आणि झिजून घासाएवढा झाला की काढून घ्यायचा. हिसकावून नव्हे, बदल्यात दुसरं काही देऊन. हिसकावणाऱ्या घरातली कुत्री पुढे मुलांना चावू शकतात.

फ्रिजमधलं गार गाजर पिल्लांना फार आवडतं. पोकळ रबरी खेळण्यात बिनमिठाचा दहीभात भरून गोठवला, तर दुपार निघते. या खेळण्याची गोष्ट मजेची आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये जो मार्कहॅम नावाचा माणूस आपली फोक्सवॅगन व्हॅन दुरुस्त करत होता. त्याचा फ्रिट्झ हा जर्मन शेफर्ड दगड चावून दात झिजवायचा. त्याने गाडीचे सुटे भाग कुत्र्याकडे फेकले, तर कुत्र्याने सस्पेन्शनमधला एक रबरी तुकडा पसंत केला. त्यावरून 'काँग' निघालं. मी त्यांची एजंट नाही. त्याच पद्धतीचं दुसरं घ्या, फक्त नख रुतलं पाहिजे. घरातला फुकटचा माल मात्र टाळा. आंब्याची कोय आणि पन्हाळ्यावर खाऊन टाकलेलं कणीस आतड्यात अडकतं, आणि कणीस एक्स-रेत धड दिसतही नाही. नारळाच्या सोडणाचा काथ्या आत गोळा होऊन बसतो.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली दुकानात मिळणाऱ्या प्रक्रिया केलेल्या हाडांबद्दल इशारा दिला. त्यांच्याकडे सुमारे ६८ तक्रारी आल्या होत्या आणि १५ कुत्री दगावल्याची नोंद होती. आकडा लहान वाटेल. पण निदान तक्रार कुठे करायची हे तिथल्या मालकाला ठाऊक होतं. आपल्याकडे २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यातल्या अन्नाच्या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेलं आहे. तुमच्या बिस्किटाच्या पुड्याला जे नियम लागू, ते कुत्र्याच्या पाकिटाला नाहीत. सरकारने निदान चार गोष्टी छापणं सक्तीचं करावं: कशापासून केलं, कुठे केलं, केव्हा केलं आणि किती वजनाच्या कुत्र्यासाठी. तोवर पाकिटावर हसणाऱ्या कुत्र्याच्या चित्राकडे बघू नका. सुटा माल मिळतो तिथे जा आणि पैसे देण्याआधी नख दाबून बघा. दुकानदार कपाळाला आठ्या घालील. घालू द्या.