कड्यातील सेंट आणि आपली पारख

व्यापारी बंधूंनो, या स्मरणिकेसाठी धान्याच्या भावांविषयी लिहावे अशी संपादक मंडळाची सूचना होती. परंतु भावांची चर्चा आपण बाराही महिने करतच असतो. म्हणून त्यांची क्षमा मागून एका निराळ्या मालाविषयी लिहीत आहे. आणि त्यास कारणही तसेच घडले आहे.

अमेरिकेत पूर्वी दुकानदार, बँका व कारखानदार एक सेंटाचे नाणे ॲल्युमिनियमच्या कड्यात बसवून गिऱ्हाइकांस भेट देत. कड्याच्या एका अंगास पेढीचे नाव व गाव. दुसऱ्या अंगास घोड्याची नाल किंवा चार पानांचे क्लोव्हर, आणि ‘मला जवळ ठेव, म्हणजे कधी कफल्लक होणार नाहीस’ अशा अर्थाचा मजकूर. १९०१ साली बफेलो येथे भरलेल्या पॅन-अमेरिकन प्रदर्शनापासून या वस्तूचा प्रसार झाला. राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर गोळी झाडली गेली ती याच प्रदर्शनात.

याच्या आधीची एक जात आहे, तिची गल्लत करू नये. १८६२ मध्ये तेथील यादवी युद्धामुळे लोकांनी नाणी दडवून ठेवली व सुटे मिळेनासे झाले. तेव्हा जॉन गॉल्ट नामक गृहस्थाने पितळी डबीत टपालाचे तिकीट घालून वर अभ्रकाचा पापुद्रा बसविण्याचे पेटंट घेतले, आणि डबीची पाठ जाहिरातीसाठी व्यापाऱ्यांस विकली. आयर यांच्या औषधांच्या जाहिराती त्यांवर पुष्कळ आढळतात. ते खरोखरचे चलन होते. कड्यातील सेंट ही निव्वळ भेट. (आपल्याकडे १९४३ साली तांब्याच्या टंचाईपायी भोकाचा पैसा निघाला, आजोबांच्या गल्ल्यात असे पुष्कळ पैसे मी लहानपणी दोऱ्यात ओवले आहेत.)

आता मोलाचा प्रश्न. आतील नाण्यावरून किंमत करावी असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला हे मत मुळीच मान्य नाही. लिंकनची मुद्रा असलेला सेंट १९०९ पासून अब्जावधींनी पाडला गेला. अमेरिकेने चलनासाठी तो पाडणे २०२५ मध्ये थांबविले, तरी जुन्या सेंटांस तोटा नाही. मोल आहे ते कड्यावरील नावाचे. मोठ्या प्रदर्शनांची कडी तुलनेने सहज मिळतात. परंतु कोण्या लहान गावातील, आज मागमूस न उरलेल्या धान्य-दुकानदाराचे कडे हाती येणे दुर्घट. त्या दुकानदाराची एवढीच निशाणी जगात उरलेली असते. असे असता दुर्मिळ सालाच्या लोभाने कडे फोडून नाणे काढणारे लोक आहेत, हे ऐकून वाईट वाटते.

उलट प्रकार त्याहून घातक. आमच्या पेठेतील एका स्नेह्यांच्या चिरंजीवाने मागील वर्षी अशी सहा नाणी एका विक्रेत्याकडून मागविली. त्यांतील एकात १९०९ चा सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचा, ‘व्हीडीबी’ अक्षरांचा सेंट होता. असे सेंट अवघे ४,८४,००० निघाले. त्यामुळे किंमतही तशीच सांगितली होती. त्याने छायाचित्र मला दाखविले आणि मी ‘घे’ म्हणालो. माल आल्यावर नाणे बोटाने दाबले तो ते कड्यात हलले! मूळ कडे साच्याखाली नाण्यासकट दाबले जाते, त्यामुळे धातू नाण्यास घट्ट आवळून धरतो. सैल नाणे बहुधा मागाहून घातलेले. शिवाय नाणे झिजलेले आणि कड्यावरील अक्षरे कोरी. ॲल्युमिनियम मऊ असते. दोघांनी एकाच खिशात दिवस काढले असते, तर आधी कडे झिजले असते.

चाळीस वर्षे पोत्यात सळई खुपसून वानगी पाहिल्याशिवाय मी गव्हाचा सौदा केला नाही, आणि येथे छायाचित्रावर हवाला दिला. विक्रेत्याने पैसे परत केले नाहीत. निम्मा तोटा मी माझ्या नावे मांडला. मुलगा नको नको म्हणत होता, तरी मांडला.

नाण्यावरील सालाने कड्याचे वय ठरत नाही, हेही ध्यानात असावे. १९०९ चे नाणे १९०१ च्या प्रदर्शनाच्या कड्यात असूच शकत नाही. मात्र जुने नाणे नव्या कड्यात खुशाल असू शकते. म्हणून ज्या तरुण मंडळींनी ही खरेदी गुंतवणूक म्हणून आरंभिली आहे, त्यांनी तूर्त हात आखडावा असे माझे स्पष्ट मत आहे. हौस असेल तर साधे, स्वस्त, जाहिरात वाचता येईल असे कडे घ्यावे. आणि आपल्याच पेढ्यांच्या जुन्या पितळी मापांवरची, पिशव्यांवरची नावे भंगारात चालली आहेत, ती संघाने आधी गोळा करावीत. त्यासाठी अमेरिकेस जावे लागत नाही.

माझ्याजवळ अशी दोन खरी आणि ते एक खोटे, अशी तिन्ही नाणी आहेत. ती पेढीवर ठेवली आहेत. ज्यांना ताडून पाहावयाची असतील त्यांनी दुपारी तीननंतर यावे. सकाळी लिलाव असतात.