फॉर्ममधला एक रकाना

2022 च्या दिवाळीतली गोष्ट. फराळाची ताटं अजून टेबलावरच होती आणि अमेरिकेहून भाच्याचा फोन आला. पोरगा तिकडेच जन्मलेला, तिथलाच नागरिक. मराठी मोडकंतोडकं, पण 'मामा' म्हणतो ते अगदी आपल्या शहापुरातल्यासारखं.

"मामा, सरकारी नोकरी मिळतेय. पण गुप्त कागदपत्रं हाताळायची परवानगी लागते. एसएफ-86 म्हणून फॉर्म आहे. मागच्या सात वर्षांत अमली पदार्थ घेतले का, असं विचारलंय. कॉलेजात दोन-तीनदा गांजा ओढला होता. आई म्हणते, 'नाही' लिही, कोण बघायला येतंय?"

मी मटकन खाली बसलो. आपल्या घरातलं पोर आणि गांजा! आतून ही म्हणाली, "एनात्री?" मी काय सांगणार?

कारण 'नाही' लिहिण्यात मीही मुरलेलाच. 1986 च्या आंदोलनात घोषणा दिल्या म्हणून मी एक रात्र पोलीस ठाण्यात काढली होती. दोन वर्षांनी नोकरीच्या फॉर्मवर 'कधी अटक झाली होती काय?' यापुढे वडिलांनी मला 'नाही' लिहायला लावलं. पुढे बढती असो वा बदली, वरून पाकीट आलं की पोटात गोळा यायचा. हे मी हिलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. त्या रात्री भाच्याला सांगितलं.

मग त्याने नियम वाचून दाखवले. सध्या नशा करणाऱ्याला परवानगी द्यायला कायद्यानेच मनाई. राज्याने गांजाला मुभा दिली असली तरी केंद्राच्या कायद्यापुढे ती चालत नाही. पण जुनी चूक म्हणजे कायमचं दार बंद, असंही नाही. किती वर्षं झाली, कितीदा घेतला, पूर्ण सोडला का, पुन्हा घेणार नाही असं लिहून देतोस का, हे सगळं पाहतात. डिसेंबर 2021 मध्ये तिथल्या गुप्तचर प्रमुखांनीही कळवलं होतं की, पूर्वीचं गांजासेवन विचारात घ्यावं, पण तेवढ्यावरच निर्णय करू नये. खोटी माहिती देणं मात्र वेगळा गुन्हा. पाच वर्षांपर्यंत कैद. शिवाय लपवलेल्या गोष्टीचा धाक दाखवून उद्या कुणी गुपितं काढून घेईल, ही सरकारची खरी भीती.

आपल्याकडे 2016 मध्ये अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावलं, की पडताळणीच्या फॉर्ममध्ये माहिती खरी हवी. तरुणपणी घोषणा देण्यासारखी किरकोळ बाब लपवली असेल, तर नोकरी देणारा ती माफ करू शकतो, असंही म्हटलं. ते वाचून मी घरात एकटाच रडलो होतो.

भाच्याने खरं लिहिलं. ताई चार महिने माझ्याशी बोलली नाही. त्याला मुलाखतीत खोदून खोदून विचारलं, आणि अखेर परवानगी आली. नसती आली तर? तर दुसरी नोकरी शोधली असती, पण माझ्यासारखा पाकिटाला घाबरला नसता.

आता निवृत्त झालो, म्हणून हे लिहितोय. मंडळी, मुलांच्या चुकीवर रागवा, पण 'कोण बघतंय' असं त्यांना शिकवू नका. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "सत्यक्के साविल्ल, सुळ्ळिगे सुखविल्ल." सत्याला मरण नाही हे मला ठाऊक नाही, खोट्याला सुख नाही, हे मात्र मी भोगलंय.