आयत्या पेन्शनवर बसून

मंडळी, आज जरा कडू लिहिणार आहे. घरातल्यांनी रागावू नये.

परवा आमचा निवृत्तांचा अड्डा नेहमीच्या बाकावर जमला होता. विषयही नेहमीचाच. हल्लीच्या पोरांना बचत कशी ती माहीत नाही, पगार झाला की हॉटेल नि मोबाइल! मीही मान डोलावली. घरी येताना मात्र स्वतःचीच लाज वाटली. आम्ही तरी म्हातारपणासाठी कुठे साठवलं होतं? मी अनुदानित शाळेत मास्तर. पगारातून उरलं ते बहिणीच्या लग्नात, मुलांच्या शिक्षणात नि घराच्या हप्त्यांत गेलं. आज दरमहा पेन्शन येते, महागाई भत्ता वाढला की तीही वाढते. यात माझी काटकसर शून्य. योग्य साली नोकरीला लागलो, एवढंच माझं कर्तृत्व!

१ नोव्हेंबर २००५ पासून राज्यात जे नोकरीला लागले, त्यांच्यासाठी ही दारं बंद झाली. त्यासाठी मार्च २०२३ मध्ये संपही झाला. लढू द्या त्यांना, मागणी रास्त आहे. पण खाजगी नोकरीतल्या पोरांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

माझ्या भाच्याने नोकरी सोडली तेव्हा पीएफ काढून घेतला नि मित्रांबरोबर फिरून आला. विचारलं तर म्हणतो, "मामा, म्हातारपण लांब आहे हो. तोवर सरकार काहीतरी योजना आणेलच की!"

आणेल ना! पीएफवाल्यांची किमान पेन्शन २०१४ साली महिना १००० रुपये ठरली, आणि दहा वर्षांनंतरही तेवढीच होती. सत्तरीची माणसं त्यासाठी दिल्लीला जाऊन धरणं धरत होती. अटल पेन्शन योजनेत साठीनंतरची हमी जास्तीत जास्त ५००० रुपयांची, तीही स्वतः हप्ते भरून. प्राप्तिकर भरणाऱ्याला तर ऑक्टोबर २०२२ पासून त्यात नवं खातंही उघडता येत नाही. शिवाय महागाई वर्षाला सहा टक्के धरली, तर पस्तीस वर्षांनंतरचे ५००० म्हणजे आजचे जेमतेम साडेसहाशे. आमच्याकडे गॅसचं सिलिंडरही येत नाही तेवढ्यात.

गणित हा माझा विषय नव्हे (आयुष्यभर व्याकरण शिकवलं), म्हणून शेजारच्या सीए मुलीकडून हिशेब करून घेतला. पंचविसाव्या वर्षापासून दरमहा ३००० रुपये बाजूला टाकले नि आठ टक्के व्याज सुटलं, तर साठीला सुमारे ६९ लाख होतात. तेच पस्तिसाव्या वर्षी सुरू केलं, तर साडेअठ्ठावीस लाख. मी तिला पुन्हा करायला लावला. तोच आकडा! दहा वर्षांत खिशातून जास्त गेले फक्त ३ लाख ६० हजार, आणि फरक चाळीस लाखांचा.

ज्याला पंधरा हजारांत घर चालवायचं आहे त्याला हे ऐकवण्याचा मला अधिकार नाही. त्याच्या म्हातारपणातून सरकारने अंग काढून घेणं हा अन्यायच आहे. पण ज्याच्या घरी महिन्यातून आठ वेळा बाहेरून जेवण येतं, त्याने सरकारचं नाव घेऊ नये. आणि आम्ही पेन्शनरांनी त्याला नावं ठेवत बसण्यापेक्षा हा हिशेब दहावीच्या वर्गात फळ्यावर मांडायला हवा होता. मीसुद्धा कधी मांडला नाही.

तर भाचेबुवा, रविवारी जेवायला या. मामी पुरणपोळ्या करणार आहे. येताना नव्या नोकरीचं पीएफ खातं तेवढं दाखवायला आणा.