चौरस फुटांचा व्यापार, किलोंचा धोका

पुण्याच्या भवानी पेठेतील टिंबर मार्केटमध्ये सकाळी दुकाने उघडल्यानंतर घटकाभर उभे राहिले, तर एकच व्यवहार पुनःपुन्हा पाहावयास मिळतो. गिऱ्हाईक प्लायवूडचा भाव विचारते, दुकानदार चौरस फुटाचा दर सांगतो, बोर्डांची संख्या ठरते आणि बाहेर उभ्या असलेल्या छोट्या टेम्पोच्या हौद्यात हमाल माल चढवू लागतात. वीस-बावीस बोर्ड चढतात तेव्हा हौदा हातभरही भरलेला नसतो. गिऱ्हाइकाला वाटते, गाडी तर रिकामीच आहे; मग उरलेले पंधरा-अठरा बोर्ड दुसऱ्या खेपेसाठी कशाला ठेवायचे? ‘सगळे टाका’ असा हुकूम सुटतो, ड्रायव्हर क्षणभर कां कू करतो आणि मालावर दोरी पडते. पुढे एखाद्या वळणावर तो माल रस्त्यावर आला, म्हणजे वृत्तपत्रांतून ड्रायव्हरच्या निष्काळजीपणाची बातमी होते.

वास्तविक चूक दुकानाच्या दारातच होऊन गेलेली असते, आणि ती प्रामुख्याने हिशेबाची असते. आठ फूट लांब, चार फूट रुंद आणि १८ मिलिमीटर जाड अशा साध्या प्लायवूडच्या एका बोर्डाचे वजन तीस ते पस्तीस किलो भरते. कठीण लाकडाचा बोर्ड त्याहून जड, आणि एम.डी.एफ.चा बोर्ड तर चाळीस किलोंच्या घरात जातो. २००५ साली बाजारात आलेली आणि लोकांनी ‘छोटा हत्ती’ म्हणून आपलीशी केलेली टाटा एस ही गाडी मुळात पाऊण टन भारासाठी बांधलेली. म्हणजे साधे प्लायवूड असेल तर बावीस आणि एम.डी.एफ. असेल तर अठराच बोर्डांत तिची क्षमता संपते. बावीस बोर्डांच्या थप्पीची उंची सुमारे सोळा इंच. विटा, वाळू वा कांद्याची पोती डोळ्यांना दिसतात, हौदा शिगोशीग भरला की डोळा आपणहून इशारा देतो. प्लायवूड मात्र डोळ्यांना फसवते. चाळीस बोर्ड चढवले तरी थप्पी अडीच फुटांच्या आतच राहते, आणि गाडीवर सव्वा टनाहून अधिक ओझे चढलेले असते.

सिमेंटच्या बाबतीत असे सहसा होत नाही, कारण पोत्यावर ५० किलो असे छापलेले असते. पंधरा पोती म्हणजे पाऊण टन, हे अशिक्षित ड्रायव्हरलाही तोंडपाठ असते. प्लायवूडच्या बोर्डावर आय.एस. ३०३ किंवा आय.एस. ७१० हा मानकाचा क्रमांक असतो, प्रत असते, जाडी असते. वजन नसते. बिलावरही चौरस फूट असतात. उलट गाडीच्या नोंदणीपत्रावर जे काही लिहिलेले आहे ते किलोंत. एकाच मालाला दोन मापे, आणि या दोन मापांची गाठ घालून देण्याची जबाबदारी कोणाचीच नाही.

दुसरी अडचण लांबीची. छोट्या हत्तीचा हौदा सुमारे सात फुटांचा आणि बोर्ड आठ फुटांचा. तेव्हा फाळका उघडा टाकून जवळजवळ फूटभर माल मागे काढला जातो. टोकाला तांबडे फडके बांधले की कर्तव्य संपले, असा समज आहे. परंतु फडके मागच्याला सावध करते, माल धरून ठेवीत नाही. भार मागच्या चाकांपलीकडे सरकला म्हणजे पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू नीट लागत नाही, तो भाग निराळाच.

‘एवढे जड आहे, हलणार कुठे?’ हे वाक्य या बाजारात सर्रास ऐकू येते. ते शास्त्राच्या विरुद्ध आहे. वजनाबरोबर घर्षण वाढते हे खरे. पण ब्रेक दाबल्यावर मालाला पुढे ढकलणारा जोरही त्याच प्रमाणात वाढतो. लाकडावर लाकूड घसरण्यास वजनाच्या तीन ते पाच दशांश एवढा जोर पुरतो. सनमायका लावलेल्या गुळगुळीत बोर्डाला त्याहूनही कमी. उलट कोरड्या डांबरी रस्त्यावर करकचून दाबलेला ब्रेक सहा ते आठ दशांश जोर निर्माण करतो. म्हणूनच युरोपात व ऑस्ट्रेलियात माल बांधण्याचे प्रमाण पुढच्या बाजूस वजनाच्या आठ दशांश आणि बाजूंस व मागे पाच दशांश असे ठरवून दिलेले आहे. आपल्याकडे सैल पडणारी नायलॉनची दोरी आणि थप्पीवर बसवलेले दोन हमाल हीच बांधणी! त्या हमालांचे सव्वाशे किलो वजन हिशेबात कोणी धरीत नाही. त्यांच्या जिवाचे तर सोडाच.

वाऱ्याचा विचार त्याहूनही कमी होतो. ताशी ६० किलोमीटर वेगाला समोरच्या हवेचा दाब दर चौरस मीटरला सुमारे सतरा किलो असतो. एका बोर्डाचे क्षेत्रफळ जवळजवळ तीन चौरस मीटर. सर्वांत वरच्या पातळ, सहा मिलिमीटरच्या बोर्डाचे वजन दहा-बारा किलो. त्याची पुढची कड खड्ड्यात उसळून वर आली आणि हवा खाली शिरली, तर त्याला उचलण्यास त्याच्या वजनाच्या चौपटीइतका जोर उपलब्ध असतो. असा बोर्ड उडाला की तो मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या अंगावर जातो.

हा दुचाकीस्वार या व्यवहारात कुठेच नव्हता. दुसरी खेप वाचली तिचे पैसे गिऱ्हाइकाच्या खिशात राहिले, दुकानदाराचा माल लवकर हलला, ड्रायव्हरला ठरलेलेच भाडे मिळाले. कारण भाडे अंतरावर आणि गाडीच्या आकारावर ठरते, वजनावर नव्हे. धोका मात्र तिऱ्हाइताच्या वाट्याला आला. आर्थर पिगू या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात रेल्वे इंजिनाच्या ठिणग्यांनी लगतच्या रानाच्या होणाऱ्या नुकसानीचे उदाहरण दिले होते. ठिणगी उडवणाऱ्याच्या जमाखर्चात जळालेले रान येत नाही, हा त्याचा मुद्दा. पुढे रोनाल्ड कोस याने १९६० साली असे दाखवले की, वाटाघाटीचा खर्च नसेल तर दोन्ही पक्ष आपसांत तोडगा काढू शकतात. परंतु कात्रजच्या चढावर टेम्पोमागे अडकलेल्या दुचाकीस्वाराने वाटाघाट कोणाशी करावी?

कायदा नाही असे नाही. मोटार वाहन कायद्याच्या १९४व्या कलमात २०१९ साली दुरुस्ती होऊन जादा भारासाठी वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनास दोन हजार रुपये असा दंड आला. माल हौद्याबाहेर आल्यासही वीस हजारांची तरतूद आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हे कलम केवळ गाडी चालवणाऱ्यापुरते नाही, तशी गाडी चालवावयास लावणाऱ्यालाही ते लागू आहे. पण पकडला जातो तो सुकाणूवर बसलेला. शहरातल्या शहरात पाच-सात किलोमीटर जाणारी गाडी कोणत्याही भुईकाट्यावरून जात नाही, तेव्हा पकडले जाण्याची शक्यताच अल्प. हप्ते फेडणाऱ्या ड्रायव्हरने तो जुगार खेळावा आणि नकार दिल्यास रांगेतल्या पुढच्या टेम्पोला भाडे जावे, अशी ही रचना आहे.

आठ-नऊ फुटी हौद्याची आणि सव्वा टनाहून अधिक भाराची पिकअप गाडी बाजारात मिळते. तिचे भाडे जास्त, एवढेच. बोर्ड पुढच्या जाळीला टेकवून आडवे रचणे, खाली गोणपाट वा रबराची चटई घालणे, पातळ बोर्ड थप्पीच्या मध्ये ठेवणे, कडांवर पुठ्ठा देऊन दोरीऐवजी दोन-तीन रॅचेट पट्टे आवळणे आणि दोन-चार किलोमीटरनंतर थांबून ते पुन्हा तपासणे, यास काहीशे रुपये आणि पंधरा मिनिटे लागतात. ही पंधरा मिनिटे भाड्यात धरली जात नाहीत, म्हणून ती दिली जात नाहीत.

तेव्हा पहिली मागणी ड्रायव्हरकडे नव्हे, दुकानदाराकडे करावयास हवी. बिलावर चौरस फुटांच्या शेजारी किलोंचा एक रकाना वाढवावा. जाडी आणि प्रत ठाऊक असताना बोर्डाचे वजन काढणे हे दुकानातल्या कारकुनाचे दोन मिनिटांचे काम आहे. तो आकडा समोर असला, म्हणजे बाविसाव्या बोर्डावर हात आखडणाऱ्या ड्रायव्हरला निदान बोट ठेवून दाखवायला काही तरी असेल.