आधी ब्रेक, मग उचल

(ऊस विकास अधिकारी यांजकडून)



या पानावर मी बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, खताचे हप्ते अशा विषयांवर लिहीत असतो. या वेळी गाडीच्या ब्रेकवर लिहितो आहे. "ऊसवाल्या साहेबांनी आता गॅरेज काढलं की काय?" असे काहीजण म्हणतील. म्हणोत बापडे. तोडलेला ऊस रस्त्यात अडकला की तो वाळतो, वजन घटते, उतारा घटतो आणि त्याची झळ आपल्या सगळ्यांच्या भावाला बसते. शिवाय गाडीत ऊस असो, साखर असो की भाजीपाला, चालवणारी पोरं आपल्याच गावची असतात.

आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या कल्याण-नगर रस्त्याने खाली जातात. माळशेज उतरले की मोरोशी, टोकावडे, सरळगाव, मुरबाड, रायते आणि मग शहाड. घाटात ब्रेक तापतात आणि शहाडला पोहोचल्यावर पुलाच्या गर्दीत गाडी एकेक फूट सरकते, तिथे ड्रायव्हरचा पाय पेडलवरून उठत नाही. जुन्या गाडीचे ब्रेक किती पाण्यात आहेत ते या रस्त्यावर बरोबर कळते. "शहाडपर्यंत नीट होती, तिथे थरथरायला लागली" ही तक्रार मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. दुखणे शहाडचे नसते. ते घरून बरोबर नेलेले असते.

एका सभासदाच्या जुन्या पिकअप गाडीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम. साठच्या वेगात ब्रेक लावला की स्टेअरिंग हातात नाचायचे. शहाडजवळच्या एका गॅरेजात मिस्त्रीने "डिस्क वाकली" असे सांगून दोन्ही डिस्क आणि पॅड बदलले. गाडी लोण्यासारखी चालली. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तेच. पुन्हा पॅड बदलले, पुन्हा पैसे गेले. शेवटी आपल्या भागातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने चाक उतरवले, डिस्क काढली आणि ती ज्या हबवर बसते त्या हबचे तोंड दाखवले. त्यावर गंजाचे पोपडे होते. नवी डिस्क त्या गंजावरच आवळलेली होती.

यातले मर्म समजून घ्या. "डिस्क वाकली" असे सर्रास म्हटले जाते, पण डिस्क वाकून कायमची वाकडी झाली असे फार क्वचित घडते. गंजाचा बारीकसा कण मध्ये राहिला की डिस्क किंचित तिरकी बसते. किती तिरकी? मिलिमीटरचा दहावा हिस्सा, म्हणजे साधारण एका केसाच्या जाडीएवढी. तेवढ्याने पहिल्या दिवशी काही जाणवत नाही. पण फिरताना डिस्कची तीच जागा दर फेऱ्याला पॅडला घासते, ब्रेक लावलेला नसतानाही. काही हजार किलोमीटरनंतर तिथली जाडी बाकी डिस्कपेक्षा वेगळी होते, आणि मग ब्रेक दाबला की पकड एकदा घट्ट, एकदा सैल अशी होते. तीच थरथर. म्हणून नव्या डिस्कने गाडी सुधारते आणि काही महिन्यांनी दुखणे परत येते. त्या मिस्त्रीने हबचे तोंड तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने लख्ख केले, डायल गेज लावून डिस्क फिरवून पाहिली आणि नट समोरासमोरचे असे थोडेथोडे करून आवळले. एक नट आधीच पिळून घट्ट आणि बाकीचे नंतर, असे केले तरी डिस्क तिरकी बसते. पाना किती जोराने ओढायचा यालाही माप असते, लांब पाइप घालून त्यावर उभे राहणे ही काही मर्दुमकी नव्हे.

दुसरे कारण घाटातले. लांब उतारावर ब्रेक तापवून गाडी खाली आणली आणि पायथ्याशी पेडल दाबून तशीच उभी केली, तर तापलेल्या पॅडचा माल डिस्कवर एका जागी चिकटतो. तिथून पुढे दर फेऱ्याला तो डाग जाणवतो. उपाय जुनाच आहे : ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, इंजिनला गाडी धरू द्या, ब्रेक थोडा वेळ दाबा आणि सोडा. खाली आल्यावर गाडी सपाटीला उभी करायची तर चाकाला उटी लावा आणि पाय काढा. तापलेल्या ड्रमवर बादलीने पाणी मारणारे महाभाग अजून आहेत. बिडाचा ड्रम त्याने तडकतो किंवा त्याचा गोलपणा जातो. पाणी मारण्यापेक्षा अर्धा तास चहा प्या.

ड्रमचेही तसेच आहे. गाडी पावसाळ्यात महिनाभर दारात हातब्रेक लावून उभी राहिली, तर लायनर जिथे टेकलेला असतो तेवढा पट्टा सोडून बाकी ड्रम गंजतो. खालच्या दमट हवेत हे लवकर होते. हलका गंज दोन दिवस चालवून जातो, खोल गेलेला जात नाही. असा किंवा अंडाकृती झालेला ड्रम लेथवर कातून घेता येतो, पण किती मोठा होऊ द्यायचा याचे माप बहुतेक ड्रमवर कोरलेले असते. त्यापुढे तो भंगारात घाला. एका बाजूचा कातला तर त्याच एक्सलच्या दुसऱ्या बाजूचाही सारखाच कातावा, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते. आणि एक सांगून ठेवतो : जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे. ड्रम उघडल्यावर हवेची नळी मारून धूळ उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. ती धूळ फुप्फुसाला घातक आहे.

दुखणे कुठे आहे हे गॅरेजात जाण्याआधी घरी पुष्कळ कळते. ब्रेक न लावताही ठराविक वेगाला गाडी हलत असेल तर आधी टायर आणि चाकाचे बॅलन्सिंग पाहा, ब्रेकला दोष देऊ नका. ब्रेक लावल्यावरच स्टेअरिंग हलते तर बहुधा पुढची चाके, बैठक हादरते तर मागची. मोकळ्या सपाट रस्त्यावर, कमी वेगात, हातब्रेक हळूच ओढून पाहिला आणि हादरा आला तर मागचे ड्रम धरा. मात्र जुन्या जीपचा हातब्रेक चाकावर नसून गिअरबॉक्सच्या मागे प्रोपेलर शाफ्टवर असतो, तिथे हा प्रयोग नको. हवेच्या ब्रेकच्या ट्रकला पेडलवर ठोके जाणवत नाहीत, कारण ते पेडल फक्त हवा सोडते. तिथे स्टेअरिंग आणि केबिनकडे लक्ष द्या. आणि चाक जॅकवर उचलून वर-खाली, आडवे हलवून पाहिल्याशिवाय कोणताही भाग विकत आणू नका. बेअरिंग, किंगपिन, टायरॉड एंड झिजले असतील किंवा पाट्याचे यू-बोल्ट ढिले असतील, तर चांगला ब्रेकसुद्धा गाडी नाचवतो.

आता ट्रॅक्टर. त्याला डावा-उजवा असे दोन ब्रेक असतात आणि रस्त्यावर दोन्ही पेडल जोडपट्टीने जोडायचे असतात. शेतातून बाहेर पडल्यावर ही पट्टी लावणारे किती आहेत, हे आपण आपापल्या मनाला विचारावे. दोन्ही बाजू सारख्या धरत नसतील तर ट्रॅक्टर वळतो, आणि मागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या असतात, ज्यांना कितीतरी ठिकाणी ब्रेकच नसतो. त्या पुढच्या ट्रॅक्टरला ढकलत राहतात.

यावर माझे मत स्पष्ट आहे. तोडणी-वाहतुकीचा करार करताना आपण सातबारा पाहतो, जामीनदार पाहतो, गाडीचे कागद पाहतो आणि उचल देतो. चाक उतरवून कोणी पाहत नाही. "पासिंग झालंय की साहेब" हे उत्तर पुरेसे नाही. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचे पासिंग वर्षाला एकदा होते, ते त्या दिवसाचे असते. हंगामात तीच गाडी रोज क्षमतेबाहेर ऊस ओढते. म्हणून उचलीचा दुसरा हप्ता ब्रेक तपासून झाल्यावरच द्यावा, असा नियम संचालक मंडळाने करावा. यावर हरकत येते की असा नियम केला तर वाहतूकदार शेजारच्या कारखान्याकडे जातील. काही जातीलही. पण वाहतूकदाराच्या हातात बिगरहंगामात पैसा नसतो, हे खरे कारण आहे आणि ते सोडवता येते. कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये लेथ आहे, कातारी आहे, पावसाळ्यात दोघांनाही थोडी सवड असते. ड्रम कातण्याचा खर्च उचलीतून हप्त्याने कापून घ्यावा. डायल गेज एक विकत घ्यावा, तो काही साखरेच्या ट्रकभर किमतीचा नाही. ट्रॉलीला ब्रेक बसवणाऱ्याला वाहतूक दरात थोडे जास्त द्यावेत, म्हणजे बाकीचे आपोआप पुढे येतील.

हा विषय वार्षिक सभेत मांडायचा तर सभासदांनी लेखी सूचना वेळेत कार्यालयात द्यावी लागते. ज्यांच्या गाड्या आहेत त्यांनी आणि ज्यांच्या नाहीत त्यांनीही त्यावर सह्या कराव्यात. गट कार्यालयात शेतकी मदतनीसाकडे कागद ठेवला आहे.